शालन सिस्टरांची पाचू

शालन सिस्टर कुणालाही भेटल्या की "कशी हायस?" असं आधी विचारायच्या नाहीत. समोरच्याच्या हनुवटीला बोट लावून त्याचं तोंड उजेडाकडं वळवायच्या, डोळ्याखालची पापणी अंगठ्यानं जराशी खाली ओढायच्या आणि मग स्वतःच सांगायच्या, "रंग बरा हाय." नाहीतर, "रंग बरा न्हाय, मॅडम. बीट खावा, आन पेपर तपासत जागणं कमी करा." हे त्या लग्नाच्या मांडवात करायच्या, मंडईत करायच्या. एकदा मतदानाच्या रांगेत पुढच्या अगदी अनोळखी बाईची पापणी त्यांनी ओढून बघितली. मला वाटलं, आता भांडण होणार. पण ती बाई रागवायची सोडून, "लोहाच्या गोळ्या घेऊ का मग?" असं विचारत शेवटपर्यंत त्यांच्याशी बोलत राहिली.

सिस्टरांची सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात, नवजात बाळांच्या वॉर्डात गेली. मी सोलापुरात भवानी पेठेच्या अंगाला असलेल्या आमच्या इमारतीत राहायला आले तेव्हा त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. आमची दारं समोरासमोर. मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. सकाळी माझी घाई असायची आणि त्या मात्र दारात स्टूल टाकून, हातात चहाचा कप धरून, जिन्यानं उतरणाऱ्या प्रत्येकाची तपासणी करत बसलेल्या असायच्या. मागच्या गल्लीतल्या मागांची खटखट सुरू झाली की त्यांचा दिवस सुरू व्हायचा.

"बाळ बोलत न्हाय, मॅडम," त्या सांगायच्या. "रडतं, पर ते भुकेला बी रडतं आन मरताना बी रडतं. खरं काय ते कातडीवर बगायचं. निळं पडलं तर पळायचं. पिवळं पडलं तर दिव्याखाली. फिकं पडलं तर पांघरूण काढून आधी हातपाय चाचपायचं."

बार्शीकडच्या एका खेड्यातून त्या नर्सिंगला आल्या होत्या. घराण्यातली पगार घेणारी पहिली बाई. यजमान रेल्वेत होते, ते मी येण्याच्या आधीच वारले होते. समोरच्या खोलीत बुद्धाची पांढरी मूर्ती, तिच्याखाली इस्त्री केलेलं निळं कापड, आणि भिंतीवर मुलीचा पदवी घेतानाचा फोटो. मुलगी सुजाता. पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत. तिचं लग्न झालं होतं आणि दीडेक वर्षात मोडलंही होतं. त्याबद्दल सिस्टर बोलायच्या नाहीत. मायलेकींचं भांडण नव्हतं, पण फोन आखूड होत गेले होते. दाराआडून मला ऐकू यायचे.

"जेवलीस का?"

"जेवले."

"बरं. ठेवू?"

एका रविवारी, गणपती नुकतेच उठले होते, सुजाता गाडीतून एक उंच जाळीचा पिंजरा घेऊन आली. पिंजऱ्यात मनी प्लांट, जास्वंदीची कुंडी, आडव्यातिडव्या काटक्या, वर दोन दिवे. मी आणि सिस्टर वाकून वाकून बघत होतो आणि आम्हाला काहीच दिसत नव्हतं. मग एका पानाला डोळा फुटला. तो डोळा माझ्याकडं वळला, आणि दुसरा त्याच वेळी सिस्टरांकडं.

"आई गं!" सिस्टर भिंतीला टेकल्या. "घोयरा हाय हा! घरात आणलास व्हय?"

घोयरा म्हणजे आपल्याकडचा रंग बदलणारा सरडा. त्यांच्या गावाकडं घोयरा दिसला की माणसं आधी दगड शोधायची. त्याची फुंकर विषारी, तो अंगावर चढला की माणूस जगत नाही, असलं काय काय.

"आपल्याकडचा नाही, आई. आपल्याकडचा घरात ठेवायला कायद्यानं बंदी आहे. ही परदेशी जात आहे. कागद केलेत मी हिचे, नोंदणी आहे. विष-बिष काही नसतं. पाचू नाव आहे तिचं."

"ती हाय का?"

"हो, मादी आहे." सुजाता जरा थांबली. "मला कंपनी जर्मनीला पाठवतेय. दोन वर्षं. हिला कुणाकडं ठेवू सांग?"

सिस्टर मुलीकडं बघत राहिल्या. मुलगी परदेशी जाणार हे त्यांना त्या क्षणी, पिंजऱ्यासमोर उभं राहून कळत होतं. मला तिथून निघावंसं वाटलं, पण दाराकडची वाट त्या दोघींच्या मधून होती.

"ठेव," एवढंच त्या म्हणाल्या.

सुजाता दोन दिवस राहिली आणि सगळं शिकवून गेली. हा दिवा ऊब घ्यायचा, हा दुसरा उन्हासारखा, हाडांसाठी. पाणी वाटीत ठेवलं तर पाचू पिणार नाही, पानावरून ओघळणारे थेंबच ती चाटते. किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरायची. आणि शेवटी जे तिनं सांगितलं ते मला नीट आठवतं, कारण ती ते आईकडं न बघता पिंजऱ्याकडं बघून बोलली.

"ही आजार लपवते, आई. जंगलात आजारी दिसलं की कुणीतरी खातं, म्हणून. आजारी दिसायला लागली की फार उशीर झालेला असतो. तिच्या रंगावर लक्ष ठेव."

"रंगाचं मला सांगू नगं," सिस्टर म्हणाल्या.

पण तिसऱ्याच सकाळी त्यांनी माझं दार बडवलं. "मॅडम, ते काळं पडलं!" मी गेले. हिरवीगार पाचू खरंच चुलीतल्या लाकडासारखी काळपट झाली होती. सुजाताला व्हिडिओ कॉल लावला. ती तिकडं विमानतळावर बॅगांवर बसलेली.

"आई, ती गारठलीय फक्त. रात्री दिवे बंद असतात ना? काळा रंग ऊब ओढून घेतो. तू दिवा लाव आणि बघत बस."

दिवा लागला. पाचू सावकाश, एकेक पाऊल डुलवत, वरच्या फांदीवर आली. दिव्याकडं कूस केली आणि अंग असं चपटं करून पसरलं की ती एखादं रुंद पानच दिसायला लागली. आम्ही दोघी जमिनीवर बसून बघत होतो. काळ्यातून तपकिरी आलं, तपकिरीतून पोपटी, आणि मग अंगावरचे पिवळे पट्टे एकेक करून उजळले. माझा पहिला तास बुडाला.

"वॉर्मरच्या उबंला ठेवल्यालं बाळ बी असंच उमलतंय की," सिस्टर हळूच म्हणाल्या. त्या दिवसापासून 'ते' जाऊन 'ती' आलं, आणि आठवड्याभरात 'ती' जाऊन 'आमची बाई' झालं.

पाण्याची सोय त्यांनी आपल्या पद्धतीनं केली. सुजातानं आणलेलं प्लास्टिकचं यंत्र दोन दिवसांत बंद पडलं. सिस्टरांनी औषधाच्या दुकानातून सलाइनचा नवा सेट आणला, उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली पडद्याच्या दांडीला टांगली आणि नळी जास्वंदीच्या पानांवर सोडली. चाक फिरवून थेंब जुळवताना त्यांचा चेहरा वॉर्डातला झाला. पाचू जीभ न काढता आधी एका डोळ्यानं थेंब निरखायची, मग तोंड पुढं करायची. "पी, माजे बाई," सिस्टर म्हणायच्या, "कुणी घाई करत न्हाय तुला."

आता बिराजदार काकांबद्दल सांगायला हवं. ते आमच्या इमारतीचे अध्यक्ष, खालच्या मजल्यावर राहायचे. अक्कलकोटकडं त्यांची शेती, घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम. त्यांची सून गरोदर होती आणि इमारतीत घोयरा आल्याचं कळताच त्यांनी गच्चीवर सभा बोलावली.

"अय्यो सिस्टर, तुमी शिकल्याली बाई! घरात असलं जनावर? सुनंला दिसलं, बाळावर परिणाम झाला तर?"

"काका, मी हजारभर बाळं बगितली. घोयरा बगून बिगडल्यालं एक न्हाय. तमाकूनं बिगडल्याली लई हायेत. तुमच्या लेकाची पुडी आधी सोडवा."

सभा तिथंच मोडली. पण काका हटणारे नव्हते. एके दिवशी ते एक लालभडक सोलापुरी चादर घेऊन सिस्टरांच्या दारात उभे. "हिच्यावर ठेवा. लाल झाली तर मी मानतो, ह्यो साधा सरडा हाय म्हणून."

सिस्टरांनी पाचूला अलगद चादरीवर ठेवलं. पाचू लाल झाली नाही. तिनं गळा फुगवला, अंगावर गडद पट्टे आणले, तोंड उघडून काकांवर फिस्स केलं आणि चादरीच्या काठाकडं चालू लागली. काका सोफ्यावर चढले.

"ती काय चादर बगून रंगती व्हय?" सिस्टर हसून हसून खाली बसल्या. "भ्याली म्हणून गडद झाली. गारठली की काळी, तापली की फिकी, झोपली की पोपटी, आन तुमच्यासारखं कोण आलं की अशी. तिच्या मनात काय हाय ते तिच्या अंगावर दिसतंय. तुमच्या-आमच्यासारखं झाकत न्हाय ती."

काकांचा विरोध संपला तो या विनोदानं नव्हे. सून बाळंत झाली, नातू घरी आला. सिस्टर बघायला गेल्या, बाळाला खिडकीपाशी नेलं, त्याच्या नाकाच्या शेंड्यावर बोट दाबून सोडलं आणि म्हणाल्या, "आत्ता न्या. उद्या नगं." घरातले म्हणत होते, बाळ गोरं आहे, जरा पिवळसर दिसणारच. सिस्टर स्वतः रिक्षात बसल्या. कावीळ निघाली. बाळाला काही दिवस डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं. नातू सुखरूप घरी आल्यावर काका एकटेच सिस्टरांकडं आले. पिंजऱ्यासमोर हात मागं बांधून बराच वेळ उभे राहिले. पाचू दिव्याखाली कूस पसरून बसली होती.

"हिला बी दिवा, त्याला बी दिवा," काका म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात ते शेतावरून भोकं पाडलेल्या डब्यात नाकतोडे घेऊन आले. सिस्टरांनी डबा हातात घ्यायच्या आधी विचारलं, "फवारणी झाल्याल्या रानातलं न्हाईत न्हवं?" काका दुखावले. "मी देतो व्हय तसलं?" त्यानंतर डबा दर आठवड्याला यायचा. सभांमध्ये मात्र "इमारतीत जनावरं पाळू नयेत" हे ते शेवटपर्यंत म्हणत राहिले, आणि म्हणताना सिस्टरांकडं बघायचे नाहीत.

पहिला उन्हाळा आला. सोलापूरचा एप्रिल आम्हाला माहीत, पाचूला नव्हता. सिस्टरांच्या मनात ऊब म्हणजे जीव, हे इतकं पक्कं बसलं होतं की भर दुपारीसुद्धा त्यांनी तो दिवा बंद केला नाही. एक दिवस मी कॉलेजातून आले तर त्यांचं दार सताड उघडं. पाचू पिंजऱ्याच्या तळाशी, सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात. रंग कागदासारखा फिका, तोंड उघडं, छाती भराभर हलतेय.

सिस्टर एरवी कधी ओरडायच्या नाहीत. त्या दिवशी मला म्हणाल्या, "दिवा काढा! तो दिवा आधी काढा!" मी प्लग ओढला. पिंजरा आम्ही दोघींनी उचलून आतल्या अंधाऱ्या खोलीत नेला, फरशीवर पाणी मारलं, जाळीवर ओलं गोणपाट टाकलं, लांबून पंखा सोडला. बर्फ आणू का, मी विचारलं. "न्हाय. एकदम गार केलं तर मरंल. हळूहळू." त्या जमिनीवर बसून सलाइनचे थेंब मोजत राहिल्या. संध्याकाळी पाचूनं तोंड मिटलं. मग एक थेंब पाणी चाटलं. अंगावर कुठं कुठं हिरवं आलं.

सुजाता फोनवर रागावेल असं मला वाटलं होतं. ती रागावली नाही. "आई, तिला दिवा हवा असतो, पण दिव्यापासून लांब जायची जागाही हवी असते. तापली की सावलीत, गारठली की उजेडात. तिचं तिला ठरवू दे. आपण फक्त दोन्ही ठेवायचं."

सिस्टरांनी मान हलवली. फोन ठेवल्यावर त्यांनी गोणपाट पुन्हा ओलं केलं. म्हणाल्या, "वॉर्डात बाळाला हलता येत न्हाय, मॅडम. म्हणून सगळं आपणच ठरवायचं. सवय लागती मग."

एक गोष्ट मात्र झाली होती. मायलेकींचे फोन लांबले होते. "जेवलीस का?" च्या जागी "रंग कसा आहे?" आलं होतं, आणि रंग सांगता सांगता सिस्टर भाजी सांगायच्या, भाजी सांगता सांगता बिराजदार काकांच्या नातवाचे दात सांगायच्या. तिकडून सुजाता बर्फ दाखवायची. पण लग्नाचा विषय तसाच झाकलेला होता.

तो उघडला पुढच्या पावसाळ्यात. पाचूनं खाणं सोडलं. दिवसभर पिंजऱ्याच्या तळाशी फिरायची, कुंडीची माती उकरायची, जाळीला नखं लावायची. आणि रंग असा आला होता की आम्ही कधी पाहिला नव्हता. गडद, जवळजवळ काळा हिरवा, आणि त्यावर पिवळे, निळसर ठिपके. शहरातल्या जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. तो भला माणूस होता. "मी कुत्री, म्हशी बघतो सिस्टर, खोटं कशाला सांगू," म्हणाला. "पण पोट भरलेलं वाटतंय."

रिक्षात सिस्टरांनी पिशवीत हात घालून पाचूच्या पोटावरून अंगठा फिरवला. त्यांचा चेहरा बदलला.

"पोटुशी हाय ही."

"नराशिवाय?" मी विचारलं.

"कोंबडी घालत न्हाय व्हय अंडी?"

सुजातानं तेच सांगितलं. नर नसला तरी ही जात अंडी धरते. घालायला जागा मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकतात, आणि मग ती वाचत नाही. खोल, ओली वाळू हवी. आणि कुणी बघत नाही असं तिला वाटायला हवं. बघतंय असं वाटलं तर ती खड्डा अर्धा सोडून देते.

पुढचं सगळं मग सिस्टरांना सांगावं लागलं नाही. रंगाच्या रिकाम्या बादलीत त्यांनी धुतलेली वाळू भरली, मुठीत धरून टिकते का ते बघत पाणी घातलं, बादली पिंजऱ्यात ठेवली आणि चारी बाजूंनी जुनी नऊवारी लावली. "बाळंतिणीला पडदा लागतो," म्हणाल्या. नाकतोडे घेऊन आलेल्या काकांना दारातूनच परत पाठवलं. काकांनीसुद्धा काही न विचारता आवाज खाली आणला, आणि मग जिन्यात खेळणाऱ्या पोरांना दटावून खाली पिटाळलं.

आम्ही पडद्याबाहेर जमिनीवर बसलो होतो. फोन स्टुलाला टेकवलेला, त्यात सुजाता. तिनं सुट्टी टाकली होती. आतून वाळू उकरल्याचा बारीक आवाज यायचा, थांबायचा. थांबला की तिघींचा श्वास थांबायचा. पुन्हा सुरू झाला की सिस्टर मान हलवायच्या. दुपार अशीच चालली होती.

मध्येच सुजाता बोलली. आवाज अगदी हळू, पाचूला त्रास होऊ नये म्हणून.

"आई, मी तेव्हा घरी आले होते ना, दिवाळीला. लग्न झाल्यावर पहिल्या."

"हां."

"तू सगळ्यांच्या पापण्या बघितल्यास. सगळ्यांच्या. माझी नाही बघितलीस."

सिस्टरांनी पडद्याचा सुटलेला काठ नीट खोचला.

"मला वाटलं होतं, तू बघशील. मला सांगता येत नव्हतं. तो मारायचा नाही, आई. बोलायचा नाही. महिनाभर, दोन महिने. मी घरात आहे हेच त्याला दिसायचं नाही. तुला काय सांगणार? तू म्हणाली असतीस, मारत तर न्हाय न्हवं."

मी उठले आणि चहा करायच्या निमित्तानं आत गेले. ओट्यापाशी उभी राहिले, पण आवाज येतच होता.

मग सिस्टर म्हणाल्या, "व्हय. म्हणाले असते."

आणखी थोड्या वेळानं, "बगितली असती तर दिसलं असतं, म्हणून न्हाय बगितली गं. लग्न मोडलं तर लोक काय म्हणतील, तुजे वडील असते तर... भ्याले मी. वॉर्डात कदी भ्याले न्हाय. घरात भ्याले."

तिकडून सुजाता रडत होती. आवाज न करता. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा सिस्टर फोन दोन्ही हातांत धरून अगदी डोळ्यांजवळ नेऊन बघत होत्या. "उजेडाकडं हो," त्या म्हणत होत्या. "खिडकीकडं तोंड कर. हां. आता खाली बग."

पाचू दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्याबाहेर आली. अंग वाळूनं माखलेलं, पोट खपाटीला गेलेलं, डोळे आत. खड्डा तिनं नीट बुजवून टाकला होता. सिस्टरांनी सलाइनचं चाक मोकळं सोडलं आणि ती इतका वेळ पाणी पीत राहिली की सिस्टरांचेच डोळे भरून आले. वाळूतून ओंजळभर पांढरी अंडी निघाली. ती उबणारी नव्हती, पण सिस्टरांनी ती तशी फेकली नाहीत, गच्चीतल्या मोठ्या कुंडीत पुरली. सुजातानं सांगितलं की खाणं आणि ऊब दोन्ही जास्त झालं की अंडी जास्त धरतात आणि मादीचं आयुष्य कमी होतं. दिवा बदलायचा, नाकतोडे कमी करायचे. सिस्टरांना ते जड गेलं. पाचू डबा बघून मान पुढं करायची आणि सिस्टर तोंड फिरवून म्हणायच्या, "बगू नगं माज्याकडं. तुज्या भल्यासाटीच हाय."

दोन वर्षांची तीन झाली. सुजाताचं तिकडं बरं चाललं होतं. सिस्टर स्टुलावर बसून लोकांच्या पापण्या बघत होत्या. पण त्या जिन्यात मध्येच थांबायला लागल्या होत्या. मी विचारलं की म्हणायच्या, "वय झालं, मॅडम." पायांवर सूज दिसायची. मोजे घालायला लागल्या. सोलापुरात, मार्च महिन्यात.

ओळखलं सुजातानं. फोनवर पाचूबद्दल बोलता बोलता ती एकदम म्हणाली, "आई, तू दिव्याकडं तोंड कर."

"कशाला?"

"कर म्हणते ना. ओठ बघू दे."

सिस्टरांनी फोन पालथा घातला. पण उशीर झाला होता, ओठांचा निळसरपणा तिला दिसला होता. चौथ्या दिवशी सुजाता दारात उभी होती. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती.

"तुला माहीत होतं," सुजाता म्हणाली. मी तिथंच होते.

"नर्स हाय मी. म्हाईत असणारच की."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर नोकरी सोडून आली असतीस."

"आलेच ना?"

सिस्टरांनी पायातले मोजे वर ओढले. सुजाता गेली नाही. कंपनीला सांगून इथूनच काम करायला लागली. त्या नऊ-दहा महिन्यांत त्या घरातून जेवढं हसणं ऐकू आलं तेवढं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. स्वयंपाकावरून वाद, पाचूला किती किडे द्यायचे यावरून वाद, आणि मध्येच दोघी मोठ्यानं हसताहेत.

पुढं औषधांनी भागेना. ऑपरेशन पुण्यात करायचं ठरलं. ते झालं, पण नंतर ताप आला, तो उतरला नाही, आणि सिस्टर परत आल्या नाहीत. दवाखान्यात मला जायला जमलं नाही, म्हणून मला दिसतात त्या निघायच्या दिवशीच्या सिस्टर.

जानेवारीतली सकाळ होती. चांगली थंडी. दोघी पुण्याहून परत येईपर्यंत पाचू माझ्याकडं राहणार होती. बिराजदार काका बॅग घेऊन कधीचे खाली गेले होते आणि टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. सिस्टर गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या. निळा स्वेटर, नीट विंचरलेले केस. समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून उन्हाची एक पट्टी यायची, त्या पट्टीत त्यांनी हात धरला होता आणि बाहीवर पाचू बसली होती. म्हातारी झाली होती तीही. अजून काळपट होती, कूस उन्हाला लावून चपटी झाली होती.

"आई, गाडी थांबलीय," सुजाता म्हणाली.

"थांबू दे. हिला अजून ऊब न्हाय आली."

खालून काकांनी हाक मारली. "सिस्टर, ड्रायव्हर गरम झालाय ओ!"

"मग त्याला बी सावलीत उभा करा!" सिस्टर वरून म्हणाल्या, आणि तेवढ्यानंच त्यांना धाप लागली.

सुजाता त्यांच्या पायाशी बसली आणि त्यांना मोजे घालायला लागली. मी दारात उभी होते. ऊन बाहीवरून सावकाश वर सरकत होतं. पाचूच्या पाठीवर तपकिरी आलं, मग कडेनं पोपटी. पिवळे पट्टे एकेक उजळत गेले. ती हिरवी झाल्यावर सिस्टरांनी हात माझ्याकडं केला.

"ओढू नका, मॅडम. तिचं ती येईल. हात नुसता पुढं धरा."

मी हात धरला. पाचूनं एका डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं. दुसरा डोळा सिस्टरांकडंच होता. पुढचा एक पाय तिनं उचलला, हवेत डुलवला, माझ्या मनगटावर ठेवला. मग दुसरा. मागच्या पायांच्या चिमट्यात मात्र स्वेटरची लोकर घट्ट धरलेली होती. खाली हॉर्न वाजत होता. सिस्टर हलल्या नाहीत. एक मागचा पाय सुटला. बऱ्याच वेळानं दुसरा.

सिस्टरांनी हात तसाच थोडा वेळ उन्हात धरून ठेवला. मग बाही खाली ओढली, सुजाताच्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या आणि म्हणाल्या, "चल गं."